बंद पडलेल्या ग्रामीण रेल्वे स्थानकाचा इतिहास कसा लिहावा

बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाची माहिती एका जागी कधीच सापडत नाही. जमिनीचे कागद तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडे असतात, बांधकामाची नोंद रेल्वेच्या अभियांत्रिकी शाखेत असते, मालवाहतुकीचे आकडे एखाद्या जुन्या वार्षिक अहवालात दडलेले असतात, आणि त्या फलाटावर प्रत्यक्ष काय चालत असे हे ठाऊक असलेली माणसे आता ऐंशीच्या घरात पोचलेली असतात. या सगळ्या ठिकाणी कोणत्या क्रमाने जावे, तेथे काय मागावे आणि जे मिळेल त्यावर किती विश्वास ठेवावा, हे पुढे सांगितले आहे. उदाहरण म्हणून बार्शी लाइट रेल्वे घेतली आहे, कारण मिरजेपासून लातूरपर्यंत सुमारे ३२५ किलोमीटर पसरलेल्या या नॅरोगेज मार्गाने सोलापूर, सांगली, धाराशिव आणि लातूर या चार जिल्ह्यांतील कितीतरी गावांना पहिल्यांदा बाजारपेठ दाखवली, आणि रुंदीकरणानंतर त्या मार्गाच्या जुन्या खुणा झपाट्याने पुसल्या जात आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आपण इंजिनांचा इतिहास लिहीत नसून एका जागेचा इतिहास लिहीत आहोत. त्या जागी कोणता माल चढला, कोणता उतरला, कोण आले, कोण कायमचे निघून गेले आणि गाडी थांबेनाशी झाल्यावर ही देवाणघेवाण कोणीकडे वळली, या प्रश्नांची उत्तरे शोधायची आहेत. इंजिनाचे वर्णन शंभर ठिकाणी मिळेल, पण एखाद्या गावाच्या मालधक्क्यावरून हरभऱ्याची किती पोती जात होती हे दुसरे कोणीही लिहिणार नाही.

मार्गाचा सांगाडा आधी उभा करावा

स्थानकावर जाण्यापूर्वी संपूर्ण मार्गाचा कालक्रम एका पानावर लिहून काढावा. बार्शी लाइटचा कालक्रम थोडक्यात असा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा ब्रिटिश अभियंता १८८२ मध्ये जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ असूनही मुंबई-सोलापूर मुख्य मार्ग तिला वगळून गेला होता, आणि सगळा माल बैलगाड्यांनी मुख्य मार्गापर्यंत न्यावा लागे. ही अडचण ओळखून कॅलथ्रॉपने अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या हलक्या रेल्वेचा आग्रह धरला. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन हा सुमारे ३५ किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे हलके रूळ वापरूनही बऱ्यापैकी मोठे डबे चालवता आले. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर जोडले गेले, त्याच सुमारास दुसरा फाटा बार्शीहून (कसबे) तडवळ्यापर्यंत गेला, १९११ मध्ये तो लातूरला पोचला आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज गाठले गेले. १९५४ मध्ये सरकारने कंपनीचा मार्ग विकत घेऊन मध्य रेल्वेत समाविष्ट केला. २००० नंतरच्या दहाबारा वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले, आणि त्यात लातूरकडचा मार्ग धाराशिव शहरावरून जावा म्हणून येडशीच्या पुढे वळवण्यात आला.

हा सांगाडा हाताशी असला की एका नजरेत काही प्रश्न उभे राहतात. तडवळ्याचेच पाहा. बार्शीहून निघालेल्या फाट्याचा पहिला टप्पा तेथे थांबला आणि लातूरचा टप्पा १९११ मध्ये सुरू झाला, म्हणजे मधली काही वर्षे तडवळे हे मार्गाचे शेवटचे स्थानक होते. शेवटच्या स्थानकावर इंजिनाला पाणी लागते, इंजिन पुढून मागे आणण्यासाठी लूप लागते, चालक आणि गार्ड यांच्या मुक्कामाची सोय लागते, आणि पलीकडच्या मुलखातील गाड्या माल घेऊन तेथे येत असतील तर बैल सोडायला मोकळी जागा, वखारी आणि अडतेही लागतात. यातील काय काय खरोखर होते हे जमिनीवर आणि कागदात तपासता येते. मात्र तपासण्यापूर्वी हा केवळ तर्क आहे, आणि वहीत तो ‘तर्क’ असे लिहूनच नोंदवावा. स्थानिक इतिहासाच्या पुष्कळ लेखांत एका लेखकाचा तर्क दुसऱ्याच्या लेखात वस्तुस्थिती होऊन बसतो, आणि मग तो काढून टाकणे फार अवघड जाते.

स्थानकाची सगळी नावेही याच वेळी गोळा करावीत. आजचे कुर्डुवाडी जंक्शन जुन्या कागदांत बार्शी रोड या नावाने येते. कुर्डुवाडी म्हणून शोधणाऱ्याला पहिल्या कित्येक दशकांचे काहीही सापडणार नाही. कळंब रोड, औसा रोड, जत रोड ही स्थानके ज्या गावांच्या नावाने ओळखली जातात ती गावे रुळांपासून दूर आहेत, त्यामुळे स्थानक प्रत्यक्षात कोणत्या गावाच्या शिवारात आहे ते वेगळे नोंदवावे. जमिनीचा प्रत्येक कागद त्या शिवाराच्या नावाने मिळतो. इंग्रजी कागदांत तर एकाच गावाची स्पेलिंगे तीन-चार प्रकारे केलेली असतात, म्हणून शोधताना सगळी करून पाहावीत.

जागेवर काय पाहावे

पावसाळ्यानंतर गवत वाळले की, म्हणजे माघ-फाल्गुनात, पाहणीला जावे. तेव्हा पाये उघडे पडतात आणि साप-विंचवांची भीतीही काहीशी कमी असते. रूळ उचललेले असले तरी जमीन बहुधा रेल्वेचीच राहते, त्यामुळे जवळच्या चालू स्थानकाच्या अधीक्षकांना आधी भेटावे आणि विभागीय कार्यालयाकडे लेखी परवानगी मागावी. परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. जेथे जुना मार्ग आणि नवा चालू मार्ग लागून आहेत तेथे तर एकट्याने जाऊच नये. पडलेली पाटी, दिवा किंवा रुळाचा तुकडा घरी नेण्याचा मोह टाळावा. रेल्वेची मालमत्ता जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि वस्तू जागेवरून हलली की ती कोठे होती हा पुरावाही नाहीसा होतो.

प्रथम संपूर्ण आवार पावलांनी मोजून कच्चा नकाशा काढावा, मग मोजपट्टीने पक्का करावा. इमारतीची लांबी-रुंदी, भिंतीचा दगड घडीव आहे की अनघड, दगडांमधले सांधे चुन्याचे आहेत की सिमेंटचे, छप्पर मंगलोरी कौलांचे होते की पत्र्याचे, तिकिटाची खिडकी कोणत्या बाजूला होती, हे लिहावे. चुन्याच्या भिंतीला सिमेंटने जोडलेली खोली नंतरची आहे हे बांधकामातील कोणताही जुना गवंडी सांगेल. त्याला बरोबर नेलेले फार उपयोगी पडते. फलाटाची उंची आणि लांबी, मालधक्क्याची जागा, विहीर, टाकीचा चौथरा, कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची संख्या यांवरून स्थानकाचा दर्जा कळतो. ज्या स्थानकाला फक्त एक खोली आणि एक फलाट होता तेथे मालगाड्यांचा मोठा व्यवहार झाला असण्याचा संभव कमी. उलट लांब मालधक्का आणि दोन-तीन ओळींची रुंद सपाटी दिसली तर अडत व्यापाऱ्यांचा शोध घ्यायलाच हवा.

मार्गाची रुंदी पुलांवरून ओळखता येते. नॅरोगेजच्या मोऱ्यांचे दगडी कठडे आणि खांब आजच्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला पुरणार नाहीत इतके अरुंद असतात, म्हणून नवा मार्ग पुष्कळदा जुन्या मोरीच्या शेजारून गेलेला दिसतो. मोरीवरील क्रमांक टिपून घ्यावा, कारण रेल्वेच्या पूल-नोंदवहीत त्याच क्रमांकाने बांधणीचे वर्ष सापडू शकते. अंतराचा दगड मैलांत असेल तर तो भारतात मेट्रिक पद्धत रूढ होण्यापूर्वीचा, म्हणजे ढोबळ मानाने १९६० च्या आधीचा समजावा.

रुळाचा तुकडा हा तर बोलका पुरावा असतो. गावात तो कोठेही सापडेल: गोठ्याच्या दाराची चौकट म्हणून, विहिरीवरच्या रहाटाचा आधार म्हणून, किंवा शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला टोल म्हणून. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर, ज्याला आपण त्याची कंबर म्हणू, कारखान्याचे नाव, वजनाचा प्रकार आणि लाटणीचे वर्ष उठावदार अक्षरांत असते. गंज असल्यामुळे समोरून काहीच दिसत नाही. कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, तारेचा ब्रश वापरू नये, संध्याकाळी किंवा अंधाऱ्या जागी बॅटरीचा झोत रुळाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडून ती वाचता येतात. सर्व अक्षरे येतील असे तीन-चार फोटो घ्यावेत आणि फोटोत मोजपट्टी ठेवावी. एवढे करूनही हे वर्ष रूळ लाटल्याचे असते, तो तेथे टाकल्याचे नसते, हे विसरू नये. हलक्या मार्गांवर दुसरीकडून काढलेले रूळ पुन्हा वापरण्याची पद्धत होती, त्यामुळे स्थानकापेक्षा रूळ जुना निघाला तर त्यावरून स्थानकाचे वय वाढवू नये.

कागद कोठे मागावेत

सर्वांत आधी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोक थेट रेल्वेकडे धाव घेतात, अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसतात आणि उत्साह मावळतो. गाव नकाशावर रेल्वेची पट्टी शेतांना कापत गेलेली स्पष्ट दिसते. तिच्या दोन्ही बाजूंच्या गट क्रमांकांचे जुने सातबारे, फेरफार आणि भूसंपादनाचा निवाडा मिळाला तर जमीन कोणाची, किती आणि केव्हा गेली हे कळते. स्थानकाचा खरा जन्मदाखला हाच आहे. मराठवाड्यातील गावांसाठी १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) मागावे. निजामाच्या काळातील कागद उर्दूत आणि फसली सनात (महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या वेगळ्या वर्षगणनेत) असतात. दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळ मानाने निघतो, पण वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने महिना पाहून एक वर्षाचा फरक तपासून घ्यावा.

बार्शी लाइटच्या बाबतीत हद्दीचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बार्शी मुंबई इलाख्यात होती, तर येडशी, तडवळे, ढोकी, मुरुड, लातूर हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता. मिरजेकडे जत आणि मिरज यांसारखी संस्थाने लागत. त्यामुळे एकाच मार्गावरील दोन शेजारच्या स्थानकांचे कागद दोन वेगळ्या राज्यांच्या दप्तरांत गेले. सोलापूर जिल्ह्यातील स्थानकासाठी मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांची दप्तरे पाहावीत, आणि लातूर-धाराशिवकडील स्थानकासाठी हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात शोध घ्यावा. कंपनी लंडनमध्ये नोंदलेली असल्याने ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहाची सूची संगणकावर चाळून पाहावी. परदेशात राहणारे एखादे मराठी वाचक प्रत काढून देण्यास आनंदाने मदत करतात.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांतही अशीच एक खोच आहे. सोलापूर विभाग १९६६ मध्ये नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा मध्य रेल्वेत आला. मधल्या अकरा वर्षांचे आदेश, परिपत्रके आणि वेळापत्रके मुंबईत मिळाली नाहीत म्हणजे ती नष्टच झाली असे समजू नये, सिकंदराबादलाही विचारावे. माहिती अधिकाराचा अर्ज करताना ‘स्थानकाचा इतिहास द्यावा’ असे लिहिले तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी अमुक स्थानकाच्या आवाराचा आराखडा, पूल-नोंदवहीतील अमुक क्रमांकाचे पान, स्थानकाचा दर्जा बदलल्याचा आदेश, अशी एकेका कागदाची नेमकी मागणी करावी.

छापील साधनांत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड १८८४ चा आहे. तो बार्शी लाइटच्या तेरा वर्षे आधीचा असल्याने त्यात या मार्गाविषयी काही नाही, आणि नेमके म्हणूनच तो वाचायचा. रेल्वे येण्यापूर्वी बार्शीचा व्यापार कोणत्या रस्त्यांनी चालत होता, आठवड्याचे बाजार कोठे भरत होते, हे त्यात कळते, आणि पुढच्या बदलाची तुलना करण्यासाठी पाया मिळतो. रेल्वे बोर्डाने छापलेल्या जुन्या मार्ग-इतिहासांत प्रत्येक तुकडा कोणत्या तारखेला खुला झाला हे दिलेले असते. १९५१ आणि १९६१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकाही पाहाव्यात, त्यांतून गावाची लोकसंख्या आणि तेथील सोयी कळतात.

जुने वेळापत्रक वाचताना दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. १९०५ पूर्वी बहुतेक रेल्वे मद्रास वेळेवर चालत आणि ती आजच्या प्रमाणवेळेपेक्षा सुमारे नऊ मिनिटे मागे होती. मालाचे वजन रेल्वेच्या मणात असते, आणि एक मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो. एखाद्याच्या पेटीत जुने जाड पुठ्ठ्याचे तिकीट सापडले तर त्यावर कंपनीचे नाव असेल तर ते १९५४ पूर्वीचे, आणि तिसरा वर्ग लिहिलेला असेल तर १९७४ पूर्वीचे असते, कारण त्या वर्षी तिसरा वर्ग रद्द झाला.

माणसांशी बोलताना

सेवानिवृत्त स्टेशन मास्तरांची मुलाखत सगळेच घेतात, पण त्यांच्या बदल्या होत असत आणि त्यांचे त्या गावातील वास्तव्य अनेकदा दोन-तीन वर्षांचेच असे. सांधेवाले, गँगमन, फाटकवाले, हमाल आणि त्यांचे मुकादम, फलाटावर पेरू-बोरे विकणाऱ्या बाया, टपालाची थैली आणणारे, शाळेला गाडीने जाणारे विद्यार्थी यांची आठवण अधिक खोल असते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्यांविषयी वारकरी कुटुंबांकडे हमखास विचारावे.

‘तेव्हा कसे होते?’ असे विचारल्यास ‘फार छान होते’ असे उत्तर मिळते. घंटा कोण वाजवत असे, पाणी कोठून आणत, बार्शीचे तिकीट किती आण्यांना होते, पोती कोणत्या व्यापाऱ्याची, गाडी चुकली तर रात्र कोठे काढत, असे विचारावे म्हणजे बोलणारा आपोआप त्या जागी जाऊन उभा राहतो. वर्ष कोणाच्या लक्षात नसते, म्हणून मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. या भागात १९४८ ची पोलीस कारवाई, १९७२ चा दुष्काळ आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे तीन टप्पे कोणालाही ओळखता येतात, आणि ‘दुष्काळाच्या आधी की नंतर?’ या एका प्रश्नाने निम्मा कालक्रम उलगडतो.

आठवण आणि कागद यांची गाठ कशी घालावी याचे एक उदाहरण देतो. कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. या स्थानकाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या दोन दिवसांचा स्वतंत्र शोध घ्यावा. गावोगावचे लोक कोणत्या गाडीने आले, ती गाडी तेव्हाच्या वेळापत्रकात किती वाजता होती, जादा डबे लावल्याचे कोणाला आठवते का, त्या आठवड्याच्या वृत्तपत्रांत प्रवासाचा उल्लेख आहे का, हे एकेक करून पडताळावे. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या की ते विधान मजकुरात घ्यावे, एकच साक्ष असेल तर ती सांगणाऱ्याच्या हवाल्याने द्यावी. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी संमती घ्यावी, आणि जातीपातीच्या, फाळणीच्या किंवा पोलीस कारवाईच्या आठवणींत हयात कुटुंबांची नावे आली तर ती छापू नयेत.

‘केव्हा बंद झाले’ याचे उत्तर

या कामात सर्वाधिक चुका शेवटच्या तारखेत होतात. छोटे स्थानक एका दिवसात बंद होत नाही. आधी रस्त्यावर ट्रक आले की मालाची नोंदणी कमी होते आणि एक दिवस ती थांबते. मग स्टेशन मास्तर काढून स्थानकाचा हॉल्ट होतो आणि तिकिटे कमिशनवर नेमलेला माणूस विकू लागतो. त्यानंतर काही गाड्या थांबेनाशा होतात, मग रुंदीकरणासाठी वाहतूक बंद होते, पुढे रूळ उचलले जातात, आणि शेवटी इमारत पाडली जाते किंवा ओस पडते. गावात विचारले तर प्रत्येकजण यातील वेगळी तारीख सांगतो आणि प्रत्येकाचे खरे असते. हमालाच्या दृष्टीने स्थानक माल थांबला त्या दिवशी बंद झाले, कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने शेवटची गाडी गेली त्या दिवशी. म्हणून ‘अमुक साली बंद’ असे एक वर्ष न लिहिता यातील प्रत्येक टप्पा त्याच्या पुराव्यासह वेगळा मांडावा. ढोकीसारख्या साखर कारखाना असलेल्या गावात आणि केवळ धान्याच्या हंगामावर चालणाऱ्या गावात हे टप्पे किती वेगवेगळ्या अंतराने आले हे पाहिले, तर रेल्वेचे आणि शेतमालाचे नाते कोणत्या काळात तुटले ते स्पष्ट दिसते.

लेखन पूर्ण झाल्यावर छापण्याआधी मजकूर गावात मोठ्याने वाचून दाखवावा आणि दुरुस्त्या घ्याव्यात. नकाशा, मोजमापे, फोटो आणि ध्वनिमुद्रणे यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक शाळेत ठेवावी. प्रत्येक फोटोच्या मागे किंवा फाइलच्या नावात जागा, दिशा आणि तारीख लिहावी, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत त्यांची यादी शेवटच्या पानावर जोडावी, म्हणजे पुढे काम करणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.